डब्यातला टेकू

"कोणीही हलू नका!" चिमटी ओरडली.

कोणी हललंही नाही. ताईचा हात माउसवर होता तिथेच थिजला. वकील खुर्चीवरून उठत होता, तो अर्धा उठलेलाच राहिला. भुंगा म्हणजे झोपेतसुद्धा गुणगुणणारा प्राणी, पण त्यानंही ओठ घट्ट मिटले.

उपयोग शून्य! पडदा काळाठिक्कर पडला. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले पंखे पिसाळल्यासारखे घोंगावू लागले. चिमटीनं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे ते थांबले.

"कितीवर गेलं?" वकिलानं हळूच विचारलं.

"बाराशे चार," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. त्यापेक्षा ताई ओरडली असती तर चिमटीला बरं वाटलं असतं.

वकिलानं वही उघडली आणि लिहिलं: 'बुधवार, सकाळी दहा चाळीस. काळा पडदा क्रमांक सतरा.'

त्याचं असं होतं. ताईची शाळा संपली होती आणि तिला ॲनिमेशन शिकायचं होतं. ते शिकवणाऱ्या संस्थेत फक्त वीस मुलं घेत. त्यासाठी स्वतः बनवलेली दोन मिनिटांची फिल्म शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. पाच वाजून एक मिनिट झालं, की पुढच्या वर्षी या! ताईनं एका घाबरट छत्रीची गोष्ट केली होती. ही छत्री वाऱ्याला इतकी भिते, की उघडतच नाही. चार महिने खपून ताईनं ती छत्री, तो वारा, ते रस्ते बनवले होते. आता राहिलं होतं शेवटचं काम. गोष्टीतलं एकेक चित्र कॉम्प्युटरनं पक्कं करून साठवायचं. अशी चित्रं दोन हजार आठशे ऐंशी, आणि एकेकाला जवळजवळ एक मिनिट! हे काम कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड करतं. आणि नेमकं तेच मध्येच केव्हाही डोळे मिटत होतं.

कॉम्प्युटर चिमटीनं जोडलेला होता. वय वर्षं बारा, पण बोटं अशी बारीक आणि चपळ, की कपाटामागे पडलेलं काहीही तीच काढून देई. म्हणून ती चिमटी. तिनं सुटे भाग जमवून, वाचून, विचारून, दोनदा चुकून तो कॉम्प्युटर उभा केला होता. फक्त ग्राफिक्स कार्ड तेवढं जुनं होतं, कुणीतरी वापरून विकलेलं. ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी गेल्या शनिवारी स्वतःच्या हातानं बसवून दिलं होतं. "जुनं आहे, पण हमखास चालणार!" असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते सगळंच हमखास सांगत, म्हणून पोरांनी त्यांचं नावच हमखासकाका ठेवलं होतं.

"गरम होत असेल," शेजारी राहणारा, पण कायम याच घरात पडीक असलेला वकील म्हणाला. तो खरा वकील नव्हे, सातवीतला मुलगा. पण दोन आणि दोन चार होतात, हेही तो पुराव्याशिवाय मान्य करत नसे.

"काल आपण झाकण उघडून टेबलफॅन लावला होता की," चिमटी म्हणाली. " तरी गेला!"

"वीज?"

"तुझ्या घरून वायर आणून पाहिली. तरी गेला!"

"केबल?"

"बदलली!"

"भूत?" भुंग्यानं विचारलं. हा चिमटीचा आठ वर्षांचा भाऊ.

"भूत असतं तर मंगळवारी दुकानातही दिसलं असतं," वकील म्हणाला. खरी मेख तिथेच होती. मंगळवारी कॉम्प्युटर दुकानात नेला, तर तिथे पठ्ठ्या तीन तास सलग चालला! एकशे ऐंशी चित्रं झाली आणि पडदा एकदाही काळा झाला नाही. हमखासकाका मिशीतल्या मिशीत हसले होते. "कार्ड ठणठणीत आहे! तुमच्याच घरात काहीतरी गडबड आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!"

घरी आणला आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा.

चिमटीला एक गोष्ट माहीत होती, जी वकिलाच्या वहीत नव्हती. सोमवारी संध्याकाळी खोलीत कोणी नसताना तिनं धूळ पुसायला कार्ड बाहेर काढलं होतं आणि ते तिच्या हातून निसटलं होतं. फार उंचावरून नाही, वीतभरच. पण फरशीवर 'टक्' असा आवाज झाला होता. तो 'टक्' तेव्हापासून तिच्या कानातून जात नव्हता. जेवतानाही ऐकू येई. ताईनं चार महिने खपून केलेली फिल्म आपल्या हातानं घालवली, असं तिला सारखं वाटत होतं आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं.

दिवसभर कॉम्प्युटर बंद पडत राहिला आणि चालू होत राहिला. भुंग्याला खोलीत धावायची बंदी झाली. दार आपटायची बंदी झाली. संध्याकाळी बाबा घरी आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे कॅबिनेटला एक सणसणीत थाप मारली. बाबांचा यंत्रांवरचा हा एकमेव उपाय होता. रेडिओ असो, पंखा असो, थाप!

पडदा काळा.

'बुधवार, सहा पाच. बाबांची थाप. क्रमांक अठ्ठावीस,' वकिलानं इमानेइतबारे लिहिलं.

"पुरे झालं!" बाबा खुर्चीत बसत म्हणाले. ते बस आगारात वेळापत्रकं आखत. उशीर हा शब्द ऐकला तरी त्यांना घाम फुटायचा. "बंद पडणाऱ्या गाडीवर वेळापत्रक चालत नाही. उद्या सकाळी ते कार्ड परत करायचं. ताई, तू फिल्मऐवजी नुसती चित्रं पाठव."

"चित्रं चालत नाहीत, बाबा. फिल्मच हवी," ताई म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी बघू. तब्येत बिघडवून घेऊ नकोस."

ताईनं मान हलवली आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. चिमटी दारापर्यंत गेली, तोंड उघडलं आणि मूग गिळून परत आली.

गुरुवारी सकाळी बाबांनी कॅबिनेट गाडीत आडवं घातलं आणि तिघा पोरांसह दुकानात आणून ठेवलं. "मी आगारात हजेरी लावून अर्ध्या तासात येतो. तोपर्यंत काकांशी बोलून ठेवा," असं सांगून ते गेले.

हमखासकाका घाईत होते. बारा वाजता दुकान बंद करून त्यांना बाहेरगावची गाडी पकडायची होती. बाकावर चार-पाच कॉम्प्युटर पोटं उघडी टाकून पडले होते. काकांनी सवयीनं चिमटीचं कॅबिनेटही आडवं केलं, वायरी जोडल्या, ताईचं काम सुरू केलं.

चौदाशे एकाहत्तर. चौदाशे बहात्तर. छत्री ऐटीत पडद्यावर!

"बघा!" काका म्हणाले. "चालणारं कार्ड मी परत घेत नसतो."

"मग ते इथेच चालू द्या ना, उद्या दुपारपर्यंत!" भुंगा म्हणाला.

"दुकान काय तुझ्या भरवशावर उघडं टाकून जाऊ?"

वकील चिमटीच्या कानाशी लागला. "वीज बदलली, वायर बदलली, पंखा लावला. आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय. इथे आणि घरी फरक काय, तेवढंच सांग."

"इथे काका आहेत."

"काकांना बघून कार्ड घाबरतं?"

चिमटीला हसू आलं नाही. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. अजून चौदाशे चित्रं बाकी! म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस. आत्ता, या तासाभरात काही सापडलं तरच. ती एकेक वस्तू पाहू लागली. बाक. दिवा. काकांचा चष्मा. पोटं उघडून झोपलेले कॉम्प्युटर... झोपलेले!

"काका, तुमच्याकडे सगळेच कॉम्प्युटर आडवे असतात?"

"मग? हात घालायला सोपं पडतं. वीस वर्षं असंच काम करतोय."

"कधी उभं करून बघता का?"

"उभं काय, आडवं काय! वीज काय चालत जाते का?"

चिमटी वाकली. कार्ड चांगलं लांबलचक आणि वजनदार होतं. एका कडेनं मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किटच्या, खाचेत बसलेलं आणि मागे आपल्याच पत्र्याच्या पट्टीनं कॅबिनेटला टेकलेलं. आडव्या कॅबिनेटमध्ये ते ताठ उभं होतं, आपल्याच वजनानं खाचेत घट्ट रुतलेलं. पण घरी कॅबिनेट उभं असतं. तेव्हा हेच कार्ड फळीसारखं आडवं होणार, आणि त्याचं मोकळं टोक? ते कशावर टेकणार? जराशा धक्क्यानंही ते खाली झुकणार आणि खाचेतली पकड ढिली होणार!

तिनं पट्टीकडे पाहिलं. स्क्रूची दोन भोकं रिकामी होती! सोमवारी कार्ड नुसतं ओढल्याबरोबर निघालं, तेव्हा तिला ते खटकलं होतं. पण काकांनी बसवलंय म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं होतं. आता दिव्याखाली तिला आणखी काही दिसलं. सगळी पट्टी मळकट होती, फक्त त्या दोन भोकांभोवती चकचकीत गोल होते. तिथे वर्षानुवर्षं स्क्रू होते. आणि कुणीतरी ते नुकतेच काढले होते.

तिनं वकिलाला कोपरानं ढोसलं. वकिलानं पाहिलं आणि त्याचे कान उभे राहिले.

"काका, एखादं यंत्र जोडून झालं आणि एखादा स्क्रू उरला तर तुम्ही काय करता?" त्यानं अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

"उरतोच!" काका खूश होऊन म्हणाले. "कंपनीवाले घाबरट. एकाच्या जागी चार घालतात. उरलेलं सगळं त्या डब्यात." त्यांनी फळीवरच्या बिस्किटांच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. "वीस वर्षांत चार डबे भरले!"

"आमच्या कार्डाचंही काही उरलं होतं?"

"आता ते कोण लक्षात ठेवतो! हात लावू नका त्याला, सगळं मिसळेल."

"मिसळायचं काय राहिलंय?" वकील पुटपुटला.

"काका, एकदाच कॅबिनेट उभं करून बघू या ना," चिमटी म्हणाली.

"मला गाडी गाठायचीय. पोरखेळाला वेळ नाही."

झालं! चिमटीनं भुंग्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भुंगा तीरासारखा समोरच्या चहाच्या दुकानात गेला आणि पाच मिनिटांत दोन्ही हातांनी एक भला मोठा ट्रे सांभाळत आला. त्यात काकांचा चहा, बिस्किटांची बशी आणि पाण्याचे चार पेले!

"काका, तुमचा चहा! लवकर घ्या, सांडतोय! सांडतोय!"

"अरे, अरे! एवढा मोठा ट्रे कशाला? ठेवू कुठे? थांब!" बाकावर तसूभर जागा नव्हती. काकांनी आपल्याच दोन्ही हातांनी चिमटीचं कॅबिनेट उचललं आणि जागा करायला बाकावरच भिंतीशी उभं केलं.

चौदाशे एकोणनव्वद. चौदाशे नव्वद. मग भुंग्यानं ट्रे दणकन ठेवला, आणि पडदा काळा! पंखे घोंगावले.

काका हातात पेला घेऊन बघतच राहिले.

"तुम्हीच उभं केलंत," वकील म्हणाला. "आम्ही हातही लावला नाही."

"योगायोग! हमखास योगायोग!" काका सावरून म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "का तुम्ही घरी हे पाडलं-बिडलं होतं? खरं सांगा!"

चिमटीचे कान तापले. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण तो 'टक्' पुन्हा तिच्या कानात वाजला.

"पडलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हातून. सोमवारी. मी कुणालाच सांगितलं नाही." आणि तिला रडू फुटलं.

"घ्या! म्हणूनच बंद पडतंय! मिटला विषय!" काकांनी टाळी वाजवली.

"मिटला नाही," दारातून आवाज आला. बाबा! ते कधी आले कुणालाच कळलं नव्हतं. चिमटीला वाटलं, फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण बाबा तिच्याकडे बघतही नव्हते. "वकीलसाहेब, ती वही इकडे द्या."

बाबांनी वही उघडली. वेळांचे तक्ते वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांचं बोट रकान्यावरून सरसर खाली गेलं आणि परत वर येऊन थांबलं. "पहिला काळा पडदा रविवारी सकाळी नऊ वाजता. रविवारी एकूण पाच वेळा. कार्ड पडलं सोमवारी संध्याकाळी. म्हणजे गाडी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी प्रवासी स्टँडवर आला, आणि तुम्ही म्हणता त्यानंच गाडी चुकवली?"

"बरोबर!" वकील ओरडला. "आजारी आधी पडलं, हातून नंतर पडलं!"

चिमटी डोळे पुसत बाबांकडे बघत राहिली. इतके साधे आकडे! वही रोज तिच्या डोळ्यांसमोर होती, पण भीतीपोटी तिनं पहिलं पान कधी उघडलंच नव्हतं.

"काका, पुन्हा आडवं करा," बाबा म्हणाले. काकांनी केलं, चालू झालं. "आता उभं." उभं केलं आणि वकिलानं बाकावर बोटानं टकटक केली. काळा पडदा! तिसऱ्यांदाही तेच. काकांच्या कपाळावर घाम आला.

"मग... मग आडवंच वापरा की घरी!" ते म्हणाले.

"माणसाला उभं राहिल्यावर चक्कर आली, तर त्याला जन्मभर झोपवून ठेवता का?" वकिलानं विचारलं.

"डबा उघडा," बाबा म्हणाले.

डबा बाकावर उपडा झाला. काय नव्हतं त्यात! स्क्रू, पट्ट्या, स्प्रिंगा, रबराच्या चकत्या. घड्याळाचे काटे पुढे सरकत होते. बारा वाजायला अठरा मिनिटं! चिमटीची बोटं ढिगाऱ्यात शिरली. आता ती रडत नव्हती. एकेक स्क्रू ती उचलायची, भोकापाशी धरायची, टाकून द्यायची. जाड. आखूड. गंजका. आणि मग एक सापडला, ज्याच्या डोक्याचा गोल पट्टीवरच्या चकचकीत गोलावर नेमका बसला. पाठोपाठ दुसरा! आणि त्याच्याखाली बोटभर उंचीची एक काळी वस्तू होती. पायाशी रुंद, वर रबराची टोपी.

"हा काय असतो?" भुंग्यानं विचारलं.

काकांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. "टेकू," ते हळू आवाजात म्हणाले. "कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली लावतात. या कार्डाबरोबर आला होता खरा. माझ्या बाकावर तो कधी लागलाच नाही, म्हणून मी टाकून दिला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

चिमटीनं कार्ड दाबून नीट बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले, टोकाखाली टेकू उभा केला. कॅबिनेट उभं केलं. काकांनी बाक हलवला. भुंग्यानं तीन उड्या मारल्या. चौदाशे ब्याण्णव. चौदाशे त्र्याण्णव. छत्री ढिम्म हलली नाही! काका गाडी विसरून बघत होते, शेवटी बाबांनीच त्यांना घड्याळ दाखवलं.

एक वाजता घरी काम सुरू झालं. पण धाकधूक कुठली जायला? चौदाशेच्या जवळपास चित्रं म्हणजे शुक्रवारी दुपारचे साडेबारा, आणि नंतर आवाज जोडायचा. मध्ये एकदा जरी मोठा खोळंबा झाला तरी संपलं! ताई खुर्चीवरून उठेना. चिमटी दर थोड्या वेळानं टेकूकडे डोकावून येई. शुक्रवारी सकाळी सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसल्यासारखे झाले होते. वकिलाच्या वहीत गुरुवारच्या पुढचं पान कोरं होतं, आणि त्या कोऱ्या पानाकडे बघायचीही त्याला भीती वाटत होती.

दोन हजार आठशे अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी.

ऐंशी!

"शाब्बास!" बाबा ओरडले, आणि आनंदाच्या भरात त्यांचा हात सवयीनं वर गेला.

"बाबाऽऽ!" चौघंही किंचाळली. पण थाप बसली होती. सणसणीत!

पडदा तसाच. छत्री उघडून हसत होती.

पाचला चाळीस मिनिटं कमी असताना ताईनं फिल्म पाठवली. 'मिळाली' असं उत्तर आल्यावर मात्र ती रडली, चिमटीला घट्ट धरून. "मला सांगितलं असतंस तर मी रागावले असते," ती म्हणाली. "थोडा वेळ. पण तू चार दिवस एकटी घाबरलीस ना गं."

रविवारी हमखासकाका चारही डबे घेऊन दारात हजर! "या पोरांनी माझी वीस वर्षांची खोड मोडली," ते आईला म्हणाले. "वहिनी, यांना जरा माझ्याकडे पाठवा. कुठल्या यंत्राचं काय उरलं ते शोधायचंय. माझे डोळे कमी पडतात, आणि हिची बोटं हमखास..." ते थांबले. "म्हणजे बहुतेक, उपयोगी पडतील."

मग सगळ्यांनी मिळून फिल्म पाहिली. छत्री उघडली, वाऱ्यावर तरंगली, गोष्ट संपली. आणि शेवटी नावांची पाटी आली. ती ताईनं कुणालाही न सांगता जोडली होती.

'टेकू: चिमटी, वकील, भुंगा.'

मग बाबांनी घसा साफ केला. "उत्तम काम केलंत रे पोरांनो. वेळेवर आणि चोख. पण माझं नाव?"

"तुमचं घातलं असतं तिनं," भुंगा म्हणाला, "पण पाटी काळी पडली असती!"